लीड शीटवरून स्वतःचं कॉर्ड मेलडी कसं बसवायचं

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. पाच-सहा वर्षं गिटार वाजवताय, हिंदी गाण्यांना साथ व्यवस्थित करता, ड्रॉप टू आणि ड्रॉप थ्री कॉर्ड (चार स्वरांतला वरून दुसरा किंवा तिसरा स्वर एक सप्तक खाली नेलेले) पाठ आहेत, टॅब, म्हणजे तार आणि फ्रेट आकड्यांत लिहिलेलं नोटेशन, बघून दोन जॅझ स्टँडर्ड (जॅझवादक नेहमी वाजवतात ती गाणी) पूर्ण बसवली आहेत. पण नुसतं लीड शीट समोर ठेवलं, म्हणजे वर चाल आणि डोक्यावर कॉर्डची नावं, की दुसऱ्या-तिसऱ्या बारला (मात्रांच्या खंडाला) हात थांबतो. म्हणून अजून कोणते कॉर्ड शिकायचे आणि जॅझवाले वापरतात ती फुगीर फळीची आर्चटॉप गिटार घ्यावी लागेल का, असं तुम्ही विचारलंय.

तुम्हाला कॉर्ड कमी पडत नाहीयेत. अडचण क्रमाची आहे. साथ करणाऱ्याचा हात कॉर्डचं नाव वाचतो आणि ओळखीचा आकार पकडतो. आकार पकडून झाला की चालीतला स्वर शोधतो, आणि तो नेमका जिथे बोट पोचत नाही तिथे असतो. मग आकार सोडायचा, दुसरा शोधायचा, तेवढ्यात ताल निसटतो. आणखी पन्नास आकार पाठ केलेत तरी हेच होईल, कारण सुरुवात कॉर्डपासून होतेय. कॉर्ड मेलडीत, म्हणजे चाल आणि तिचे कॉर्ड एकाच गिटारवर वाजवण्यात, चालीतला स्वर आधी ठरलेला असतो. तो कुठल्या तारेवर, कुठल्या फ्रेटवर, हे पक्कं झाल्यावर त्याच्या खाली काय मावतं ते बघायचं. मी शिकवते त्या विद्यार्थ्यांचेही बहुतेक घोळ इथेच असतात, आणि क्रम उलटा केला की त्यांच्याकडे आधीपासून असलेले कॉर्डच पुरतात.

काही गोष्टी मात्र परिस्थितीवर अवलंबून आहेत. तुम्ही बेसवादकाबरोबर वाजवणार असाल तर खालचे स्वर त्याच्यावर सोडून देता येतात. हॉटेलच्या लाउंजमध्ये किंवा रिसेप्शनला एकट्याने वाजवणार असाल तर बेसची जाणीव तुम्हालाच द्यावी लागते. पिकने वाजवणाऱ्याला शेजारशेजारच्या तारांचे आकार सोयीचे पडतात. बोटांनी वाजवणाऱ्याला मधली तार सोडून बेस आणि चाल एकदम छेडता येते. तुम्ही बोटांनी वाजवता असं लिहिलंय, आणि घरी एकटेच असता, म्हणून मी तेच धरून सांगते.

पहिलं काम चालीचं. कॉर्डकडे अजिबात न बघता पूर्ण चाल गाऊन घ्या, आवाज कसाही असो. गाताना श्वास जिथे घेता तिथे वाक्य संपतं, आणि हे पुढे फार उपयोगी पडतं. मग तीच चाल गिटारवर फक्त वरच्या, म्हणजे सगळ्यात पातळ, दोन तारांवर, लागलीच तर तिसरीवर वाजवा. इथे बरेच जण फसतात. गिटारचं नोटेशन प्रत्यक्ष आवाजापेक्षा एक सप्तक वर लिहिण्याची पद्धत आहे. लीड शीटवरचं जसंच्या तसं गिटारवर वाजवलं तर चाल एक सप्तक खाली, मधल्या तारांवर येते, आणि तिच्याखाली कॉर्डला जागाच उरत नाही. म्हणून साधारणपणे चाल एक सप्तक वर उचलायची. तेवढ्यानेही ती वरच्या तारांवर नीट बसत नसेल तर पट्टी बदला. गायकाच्या आवाजाला जुळवून पट्टी बदलतो, तशी गिटारच्या गळ्याला जुळवून बदलण्यात काहीच गैर नाही.

आता उदाहरण घेऊ. जोसेफ कोस्माच्या मूळ फ्रेंच चालीवरचं ‘ऑटम लीव्हज’ शिकवायला मी पहिलं घेते, आणि त्याला कारण आहे. ई मायनरच्या पट्टीत पहिल्या सात बारचे कॉर्ड असे येतात: ए मायनर सेव्हन, डी सेव्हन, जी मेजर सेव्हन, सी मेजर सेव्हन, एफ शार्प मायनर सेव्हन फ्लॅट फाइव्ह, बी सेव्हन आणि ई मायनर. चालीत तीन-तीन स्वर चढत येतात आणि एका लांब स्वरावर थांबतात. ते लांब स्वर आहेत सी, बी, ए आणि जी.

आपल्या कानाला तानपुऱ्याची सवय आहे. षड्ज एकदा लावला की मैफल संपेपर्यंत हलत नाही, आणि प्रत्येक स्वराची ओळख त्याच्याशी असलेल्या नात्यावरून होते. जॅझमध्ये नातं तसंच असतं, फक्त कॉर्डबरोबर षड्ज सरकतो. कॉर्डचा रूट, म्हणजे ज्या स्वराचं नाव कॉर्डला असतं तो, त्या क्षणापुरता ‘सा’ धरा आणि वरच्या लांब स्वरांना नावं द्या. ए मायनर सेव्हनवर ए हा सा, म्हणजे चालीतला सी झाला कोमल गंधार. तोच सी पुढच्या बारमध्ये लांबतो आणि कॉर्ड बदलून डी सेव्हन होतो. आता डी सा, म्हणून सी कोमल निषाद झाला. स्वर हललाच नाही, त्याची ओळख बदलली. पुढे जी मेजर सेव्हनवर बी हा शुद्ध गंधार आणि सी मेजर सेव्हनवर तोच बी शुद्ध निषाद. मग ए आधी कोमल गंधार, नंतर बी सेव्हनवर कोमल निषाद. शेवटी ई मायनरवर जी, पुन्हा कोमल गंधार.

म्हणजे या चालीतले लांब स्वर एकतर कॉर्डचा थर्ड (गंधार) आहेत किंवा सेव्हन्थ (निषाद). कॉर्ड मेजर की मायनर, तो स्थिर आहे की पुढे ओढतोय, हे याच दोन स्वरांवरून कळतं. पाचवा स्वर बहुतेक वेळा गाळला तरी कुणाच्या लक्षात येत नाही. इथे चालीनेच दोनपैकी एक स्वर घेतलाय. मग खाली किती लागतं? रूट आणि उरलेला दुसरा स्वर. एकूण तीन.

हे आधी लिहिलेल्याच सप्तकात, खालच्या तारांवर वाजवून बघा. सहाव्या तारेवर पाचवा फ्रेट, चौथीवर पाचवा, तिसरीवर पाचवा. हा झाला ए मायनर सेव्हन, आणि चालीतला सी तिसऱ्या तारेवर आहे. आता सी तसाच धरून ठेवा, चौथ्या तारेवरचं बोट एक फ्रेट खाली आणा आणि बेस पाचव्या तारेच्या पाचव्या फ्रेटवर न्या. डी सेव्हन झाला. पुढचा, जी मेजर सेव्हन: सहावी तार तिसरा फ्रेट, चौथी चौथा, तिसरी चौथा. तिथून सी मेजर सेव्हन: पाचवी तार तिसरा, चौथी दुसरा, तिसरी चौथा. मग एफ शार्पचा कॉर्ड, सहावी, चौथी आणि तिसरी, तिन्ही दुसऱ्या फ्रेटवर. बी सेव्हन: पाचवी दुसरा, चौथी पहिला, तिसरी दुसरा. आणि ई मायनर तर मोकळ्या तारांवरच, सहावी, चौथी, तिसरी. हे सावकाश वाजवताना चौथ्या तारेवरचा आवाज तेवढा ऐका. प्रत्येक जोडीत सेव्हन्थ खाली उतरून पुढच्या कॉर्डचा थर्ड होतो. काउंट बेसीच्या जॅझ बँडमध्ये गिटारवादक फ्रेडी ग्रीन अशाच तीन-तीन स्वरांच्या, कधी त्याहूनही कमी स्वरांच्या कॉर्डवर अख्खा वाद्यवृंद चालवत असे. सांगाडा एवढाच असतो, आणि तो कानात बसल्याशिवाय वर काही चढवू नका.

सांगाडा बसला की चाल एक सप्तक वर, पहिल्या तारेवर न्या. इथे तुमचे ड्रॉप टू कॉर्ड कामाला येतात, पण निवड वरचा स्वर करतो. सी आता पहिल्या तारेच्या आठव्या फ्रेटवर आहे. वर सी असलेला ए मायनर सेव्हन, चौथ्या तारेपासून पहिल्या तारेपर्यंत, ७-९-८-८. मग डी सेव्हन ७-७-७-८. जी मेजर सेव्हन ५-७-७-७, सी मेजर सेव्हन ५-५-५-७. पुढे ४-५-५-५, ४-४-४-५, आणि ई मायनर सेव्हन २-४-३-३. हे सगळे आकार तुम्हाला आधीच येत असणार. फरक एवढाच की आता ते चालीने बोलावलेत.

बोटांचं एक बारीक काम इथेच करून घ्या, कारण ऐकणाऱ्याला गाणं अखंड वाटणं त्यावर ठरतं. ७-९-८-८ बरेच जण मधलं बोट आडवं टाकून वरच्या दोन तारा दाबतात. त्याऐवजी तर्जनी चौथ्या तारेवर, करंगळी तिसरीवर, मधलं बोट दुसरीवर आणि अनामिका पहिलीवर ठेवा. डी सेव्हनला जाताना अनामिका सी वरून उचलायची नाही. तर्जनी सातव्या फ्रेटवर आडवी होते, मधलं बोट आणि करंगळी सुटतात, आणि सी वाजतच राहतो. आडव्या बोटाने पकडलंत तर त्या क्षणी सी तुटतो, आणि चाल तुटली की ऐकणाऱ्याला नुसते कॉर्ड ऐकू येतात. लांब स्वराखाली कॉर्ड बदलतो तिथे प्रत्येक ठिकाणी हा विचार करा: चालीचं बोट जागेवर ठेवून बाकीची हलवता येतील का?

आता त्या चढत्या तीन स्वरांचं काय? डी सेव्हनच्या बारमध्ये चाल डी, ई, एफ शार्प अशी चढते. ७-७-७-८ चा आडवा हात तसाच ठेवा. डी तिसऱ्या तारेवर त्याच आकारात आहे. ई साठी करंगळी तिसऱ्या तारेच्या नवव्या फ्रेटवर, आणि एफ शार्प दुसऱ्या तारेवर पुन्हा आकारातच. सी मेजर सेव्हनच्या ५-५-५-७ वर सी, डी, ई हीच हालचाल, फक्त तिथे पहिल्या तारेवर करंगळी ठेवा म्हणजे तिसऱ्या तारेवरच्या डी साठी अनामिका मोकळी राहते. बी सेव्हनच्या ४-४-४-५ वर बी, सी शार्प, डी शार्प, पुन्हा तेच. हे तीन स्वर एकटेच वाजू द्या, त्यांच्याखाली नवीन कॉर्ड घालू नका. धरलेला कॉर्ड मागे घुमत असतो, तेवढं भरपूर होतं.

यावर मी विद्यार्थ्यांशी सगळ्यात जास्त वाद घालते. प्रत्येक स्वराखाली कॉर्ड हवाच, असं टॅब बघून वाटतं. तसं वाजवलं की गाणं जड होतं, चाल चालेनाशी होते आणि डावा हात पुढच्या आकाराच्या धास्तीत राहतो. जो पास यांची ‘व्हर्च्युओसो’ ही १९७३ मध्ये ध्वनिमुद्रित झालेली एकल गिटारची तबकडी लक्ष देऊन ऐका. थोडी चाल कॉर्डसह, मग मोकळी एकेरी तान, मध्येच बेसचे दोन स्वर, पुन्हा कॉर्ड. एका वेळी सगळं क्वचितच वाजतं, तरी कानाला सगळं सतत चालू असल्यासारखं वाटतं. माझा साधा नियम असा: चाल थांबते तिथे कॉर्ड, चाल चालते तिथे बोटं मोकळी. कॉर्ड बदलतो त्या मात्रेवर काहीतरी खाली हवं, पण ते दोन स्वरही असू शकतात.

इथपर्यंतचं थोडक्यात: चाल वरच्या तारांवर, लांब स्वरांची त्या-त्या कॉर्डमधली ओळख, तीन स्वरांचा सांगाडा, मग वरच्या स्वराने निवडलेला आकार, आणि चढत्या स्वरांना मोकळीक. तुमचा हात दुसऱ्या बारला अडतो तो यातली दुसरी पायरी गाळल्यामुळे.

चालीतला स्वर कॉर्डमध्ये नसेल तर काय, हा पुढचा प्रश्न तुम्हाला लवकरच पडेल. ‘ऑटम लीव्हज’मध्ये तो फारसा त्रास देत नाही, म्हणून ब्राझीलच्या जोबीमचं ‘द गर्ल फ्रॉम इपनेमा’ घेऊ. एफच्या पट्टीत पहिल्या कॉर्डवर, म्हणजे एफ मेजर सेव्हनवर, चाल जी वर सुरू होते. एफ हा सा धरला तर जी झाला रिषभ, पाश्चात्त्य हिशेबात नाइन्थ. असा स्वर आपल्या शेजारच्याची जागा घेतो: नाइन्थ आला की रूट काढा, थर्टीन्थ (धैवत) आला की फिफ्थ (पंचम) काढा. वर रूट असलेला एफ मेजर सेव्हन २-२-१-१ आहे. पहिल्या तारेवरचा एफ सोडून करंगळीने जी घ्या, २-२-१-३. रूट कुठेच नाही, तरी कॉर्ड पूर्ण लागतो, कारण थर्ड आणि सेव्हन्थ दोन्ही आत आहेत. थर्टीन्थचं उदाहरण हवं असेल तर डी सेव्हनवर बी असलेला ४-५-५-७ वाजवून बघा. त्यात डी नाही आणि ए ही नाही. नाव डी सेव्हन बघून हा आकार कुणाला सुचणार नाही, वरून खाली विचार केला तर आपोआप हाताखाली येतो.

रूट काढायचा तर एकट्याने वाजवताना बेसचं काय? मघाच्या ड्रॉप टू साखळीतला सगळ्यात खालचा आवाज, म्हणजे चौथी तार, एकटी वाजवा: ए, ए, जी, जी, एफ शार्प, एफ शार्प, ई. प्रत्येक दुसऱ्या कॉर्डमध्ये तळाशी रूट नाही, फिफ्थ आहे, तरी बेस पायरी-पायरीने उतरतोय आणि कान तक्रार करत नाही. तळ नीट चालत असला की प्रत्येक वेळी रूट लागत नाही. मात्र गाण्याचा भाग जिथे संपतो तिथे खरा, खोल रूट द्या. ई मायनरला अंगठ्याने सहावी मोकळी तार आधी वाजवा, मग वरचा कॉर्ड. बेस आणि कॉर्ड एकाच क्षणी वाजायला हवेत असं नाही. बेस पहिल्या मात्रेवर आणि कॉर्ड त्यानंतर आला तर दोन वादक वाजवताहेत असा भास होतो आणि डाव्या हाताला उसंत मिळते.

उजव्या हाताबद्दल एकच सांगते, पण त्यासाठी वेळ काढा. चार बोटांनी चार तारा सारख्या जोराने छेडल्या तर चाल कॉर्डमध्ये बुडते. पहिली तार अनामिकेने वाजत असेल तर फक्त त्या बोटाला जास्त वजन देण्याचा सराव करा. एकच कॉर्ड धरा आणि वरचा स्वर ठळक, बाकीचे तीन दबके, असं येईपर्यंत वाजवत राहा. मोबाइलवर रेकॉर्ड करून दुसऱ्या दिवशी ऐका. वाजवताना चाल आपल्या डोक्यात चालू असते, त्यामुळे ती खरंच ऐकू येतेय की नाही हे तेव्हा कळत नाही.

पाठ केलेली दोन टॅब फेकू नका. त्यांतल्या प्रत्येक लांब स्वरापाशी तो कॉर्डचा कितवा स्वर आहे ते पेन्सिलने लिहा, आणि खाली कोणते स्वर ठेवलेत, कोणते गाळलेत ते बघा. दोन पानांत तुमच्या लक्षात येईल की बसवणाऱ्याने रूट किती वेळा सोडलाय आणि कॉर्ड किती कमी ठिकाणी आहेत. नुसती बोटं पाठ करून हे कळत नाही. आणि बदली कॉर्ड, ट्रायटोन सबस्टिट्यूशन, मधले डिमिनिश्ड वगैरेंचा मोह सध्या आवरा. साध्या कॉर्डवर चाल मोकळी वाजायला लागली की कुठे रंग कमी पडतोय ते तुम्हालाच ऐकू येईल, आणि तिथेच तो भरा.

गिटारचं उत्तर सोपं आहे: आहे तीच वापरा. कॅनडाचे एड बिकर्ट फेंडरच्या टेलिकास्टरवर वाजवायचे, आणि कॉर्डच्या नाजूक कामासाठी त्यांचं नाव आजही घेतलं जातं. फक्त तारा फार पातळ असतील तर एक माप जाड लावा. पातळ तारांवर दोन बोटं थोडी जास्त दाबली गेली तरी कॉर्ड बेसूर होतो.

पुढचं गाणं म्हणून जेरोम कर्नचं १९३९ चं ‘ऑल द थिंग्ज यू आर’ घ्या. त्याच्याही सुरुवातीच्या कॉर्डवर चाल ठळकपणे थर्डवर येते, म्हणजे सांगाड्याची पद्धत तीच राहते. पण पहिल्याच आठ बारमध्ये ए फ्लॅटची पट्टी सी वर जाते, पुढच्या आठमध्ये ई फ्लॅटवरून जी वर, आणि मधल्या भागात जी वरून ई वर. सा इतक्या वेळा सरकतो की लांब स्वरांना नावं दिल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. आधी फक्त पहिले आठ बार, तीन स्वरांत, सप्तक खालीच बसवा. ए फ्लॅटमध्ये मोकळ्या तारा जवळजवळ मिळत नाहीत, त्यामुळे सुरुवातीला हात अवघडेल. लय निम्मी करा, पण लांब स्वर कॉर्ड बदलताना तुटू देऊ नका.